रुग्णालयाने घडवलेला जंतू

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा माणसाच्या त्वचेवर आणि नाकपुडीच्या आतल्या अस्तरावर राहणारा गोल जीवाणू. कोणत्याही दिवशी पाहिले तर साधारण तीन माणसांपैकी एकाच्या नाकात तो सापडतो, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. केसतूड, रांजणवाडी, नखुर्डे, काळपुळी हे घरोघरी ठाऊक असलेले विकार बहुतांशी त्याचेच. कातडी शाबूत असेपर्यंत तो एवढ्यावरच थांबतो. शस्त्रक्रियेची जखम, शिरेत घातलेली नळी, बाळाची नुकती कापलेली नाळ किंवा भाजलेले अंग यांतून एकदा आत शिरला, की मात्र तो रक्तात पसरतो आणि हृदयाच्या झडपा, हाडे, फुप्फुसे पोखरू लागतो. आत शिरण्याच्या इतक्या वाटा एका छपराखाली जिथे असतात ती जागा म्हणजे रुग्णालय. त्यामुळे या जीवाणूचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी रुग्णालयांचाच इतिहास आहे.

त्याची ओळख पटवली ती स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी. जखमेत पू होणे हा ती भरून येण्याचाच एक टप्पा आहे, असे मानणारे डॉक्टर तेव्हा पुष्कळ होते. ऑगस्टन यांनी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनकडून ५० पौंडांचे अनुदान मिळवले, घरच्या आवारातच प्रयोगशाळा थाटली आणि गळवांतला पू तपासायला घेतला. लाल, ठणकणाऱ्या गळवांत त्यांना गोल जीवाणू दिसत. क्षयाच्या थंड गळवांत ते नसत. त्यांनी हे जीवाणू ताज्या अंड्यांत वाढवले आणि प्राण्यांना टोचले, तेव्हा त्या प्राण्यांनाही गळवे झाली. एप्रिल १८८० मध्ये बर्लिनला जर्मन शल्यचिकित्सकांच्या परिषदेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे पुंजके पाहून १८८२ साली त्यांनी त्याला स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. दोनच वर्षांनी जर्मनीतल्या फ्रीड्रिख रोझेनबाख यांनी सोनेरी रंगाच्या वसाहती करणारा प्रकार पांढऱ्या प्रकारापासून वेगळा काढला. हा सोनेरी प्रकार म्हणजेच ऑरियस.

हा जीवाणू किती घातक ठरू शकतो याचा एक हृदयद्रावक पुरावा ऑस्ट्रेलियात मिळाला. जानेवारी १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधल्या बंडाबर्ग गावी २१ मुलांना घटसर्पाची लस टोचण्यात आली आणि त्यांतली १२ मुले दगावली. लसीच्या बाटलीत जंतुनाशक घातलेले नव्हते. एकाच बाटलीतून पुन्हापुन्हा लस काढली जात होती आणि त्या बाटलीत स्टॅफिलोकॉकस वाढला होता. सरकारने नेमलेल्या आयोगाने हे शोधून काढले. त्याच बाटलीतल्या वाणावर पुढे मॅकफार्लेन बर्नेट यांनी काम केले आणि पेशींच्या आवरणाला भोके पाडणाऱ्या अल्फा विषाचा अभ्यास त्यातून मार्गी लागला.

मारकता ही एकट्या विषाची करामत नव्हे. या जीवाणूचे एक प्रथिन रक्तातला द्रव गोठवते आणि जीवाणूभोवती गुठळीचे कवच उभे करते. प्रयोगशाळेत ऑरियस ओळखण्याची कसोटी म्हणून हाच गुणधर्म वर्षानुवर्षे वापरला गेला. त्याच्या पृष्ठभागावरचे ‘प्रोटीन ए’ शरीराने धाडलेल्या प्रतिपिंडांना उलट्या टोकाने पकडते, त्यामुळे ती प्रतिपिंडे निकामी होतात. ज्या सोनेरी रंगावरून त्याला नाव पडले तो रंगही शोभेचा नाही. पांढऱ्या पेशी जीवाणूला मारण्यासाठी जी ऑक्सिडीकारक रसायने सोडतात, त्यांपासून तो रंग जीवाणूचा बचाव करतो. १९३२ साली पँटन आणि व्हॅलेंटाइन या ब्रिटिश संशोधकांनी खुद्द पांढऱ्या पेशीच फोडणारे एक विष वर्णिले. आज ते या दोघांच्या नावानेच ओळखले जाते. ही शस्त्रे जीवाणू सारखी वापरत नाही. प्रत्येक पेशी एक छोटा रासायनिक संदेश बाहेर सोडत राहते. आजूबाजूला पुरेशी संख्या झाली की त्या संदेशाची पातळी चढते आणि सगळ्या पेशी एकदम विषे तयार करू लागतात. हा संदेशाचा मुद्दा पुढे औषधरोधकतेच्या संदर्भात फार महत्त्वाचा ठरला.

प्रतिजैविकांपूर्वी रक्तात पोहोचलेला स्टॅफिलोकॉकस म्हणजे जवळपास मृत्यूच. बॉस्टन सिटी हॉस्पिटलमधल्या अशा १२२ रुग्णांचा आढावा १९४१ साली प्रसिद्ध झाला. त्यांतले ८२ टक्के रुग्ण दगावले होते. पेनिसिलिनची कहाणीही याच जीवाणूपासून सुरू होते. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या ज्या बशीवर बुरशी पडली, त्या बशीत स्टॅफिलोकॉकसच वाढत होता. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांच्या चमूने तयार केलेले औषध प्रथम ज्या अत्यवस्थ रुग्णाला दिले, त्या पोलीस शिपायाच्या अंगातही हाच जंतू होता. पहिल्या काही दिवसांत त्याचा ताप उतरला, तो जेवू लागला. पण औषध तुटपुंजे होते. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून तेही वापरले गेले, तरी साठा संपला आणि मार्च महिन्यात तो वारला.

युद्ध संपेपर्यंत पेनिसिलिन मुबलक झाले आणि रुग्णालयांत ते सर्रास दिले जाऊ लागले. त्याआधीच, १९४४ मध्ये, विल्यम कर्बी यांनी अमेरिकेत दाखवून दिले होते की स्टॅफिलोकॉकसचे काही वाण पेनिसिलिनचा रेणू मोडून टाकतात. तेव्हा असे वाण अपवादात्मक होते. ते अपवादात्मक राहिले नाहीत, हे आकड्यांनिशी सिद्ध करण्याचे श्रेय मेरी बार्बर यांना जाते.

बार्बर लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात जीवाणुशास्त्रज्ञ होत्या. तिथल्या रुग्णांत सापडणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची त्यांनी वर्षानुवर्षे नोंद ठेवली. १९४६ मध्ये पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या वाणांचे प्रमाण १५ टक्क्यांहून कमी होते. १९४७ मध्ये ते ३८ टक्के आणि १९४८ मध्ये ५९ टक्के झाले. अवघ्या दोन वर्षांत निम्म्याहून अधिक संसर्ग पेनिसिलिनच्या आवाक्याबाहेर गेले. पण बार्बर यांचे खरे मोठेपण या आकड्यांपेक्षा त्यांच्या उलगड्यात आहे. औषध घेता घेता रुग्णाच्या अंगातला जंतू हळूहळू त्याला सरावतो, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. बार्बर यांना तसे होताना दिसले नाही. रोधक वाण मुळातच वेगळा होता आणि तो वॉर्डात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात होता. औषध निवड करत होते आणि डॉक्टर-परिचारिकांचे हात त्या निवडीचा प्रसार करत होते. रुग्णालयातल्या संसर्गाविषयी विसाव्या शतकात मांडल्या गेलेल्या विचारांत इतका मूलगामी विचार क्वचितच सापडेल.

वाण ओळखण्याची पद्धतही त्याच काळात रूढ झाली. ठरावीक जीवाणुभक्षी विषाणू ठरावीक वाणांनाच मारतात. कोणत्या क्रमांकाच्या विषाणूला वाण बळी पडतो त्यावरून त्याला क्रमांक मिळे. १९५३ पासून सिडनीत फिलिस राउंट्री यांना नवजात बालकांच्या कक्षांत एकच वाण पुन्हापुन्हा सापडू लागला. ऑस्ट्रेलियात त्याला ८० हा क्रमांक मिळाला, कॅनडात त्याच सुमारास ८१. दोन्ही एकच असल्याचे ध्यानात आल्यावर ‘८०/८१’ हे नाव रूढ झाले. ब्रिटन आणि अमेरिकेतही हा वाण पोहोचला.

त्या काळी पाश्चात्त्य रुग्णालयांत बाळ जन्मले की आईपासून दूर, सामाईक कक्षात ठेवण्याची रीत होती. ओळीने पाळणे आणि एकाच परिचारिकेकडे अनेक बाळे, अशी ती व्यवस्था. बाळाच्या नाळेवर आणि नाकात ८०/८१ बसे, बाळ धडधाकट दिसे आणि घरी जाई. मग काही आठवड्यांनी आईच्या स्तनात गळू होई, भावंडांना केसतुडे येत. काही बाळांना न्यूमोनिया होऊन ती दगावत. १९५७-५८ च्या फ्लूच्या जागतिक साथीत, फ्लूने दुबळ्या झालेल्या फुप्फुसांत स्टॅफिलोकॉकस शिरून अनेक तरुण माणसेही मेली. ८०/८१ पेनिसिलिनला दाद देत नव्हता आणि त्याच्यापाशी पांढऱ्या पेशी फोडणाऱ्या त्या विषाची जनुकेही होती. ही दुसरी गोष्ट जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांच्या तपासणीतून २००५ मध्ये उघड झाली. रोधकता आणि मारकता एकाच वाणात इतक्या ठळकपणे एकत्र येण्याची ही पहिली वेळ.

याच साथीने आजची संसर्ग-नियंत्रणाची व्यवस्था जन्माला घातली. १९५८ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे रुग्णालयातल्या स्टॅफिलोकॉकसवर राष्ट्रीय परिषद भरली आणि प्रत्येक रुग्णालयात संसर्ग समिती असावी हा विचार रुजला. १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्बे रुग्णालयाने केवळ संसर्गावर लक्ष ठेवण्यासाठी एक परिचारिका नेमली. जगातले हे अशा प्रकारचे पहिले पद मानले जाते.

न्यूयॉर्कमध्ये एक धाडसी प्रयोगही झाला. हेन्री शाइनफील्ड, हाइन्झ आयखेनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की ५०२ए नावाचा सौम्य वाण ज्या बाळांवर आधीच बसलेला असतो, त्यांच्यावर ८०/८१ ला जागा मिळत नाही. तेव्हा त्यांनी जन्मताच बाळांच्या नाकात आणि नाळेवर मुद्दाम ५०२ए लावायला सुरुवात केली, आणि अनेक कक्षांतल्या साथी त्यामुळे आटोक्यात आल्या. पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. काही बाळांना ५०२ए नेच फोड आले, १९७२ च्या सुमारास एका बाळाचा मृत्यू झाला आणि हा उपाय मागे पडला. बाळांना हेक्झाक्लोरोफीन या जंतुनाशकाने आंघोळ घालण्याची प्रथाही मेंदूवर दुष्परिणाम होत असल्याचे दिसल्यावर त्याच सुमारास थांबली.

दरम्यान बार्बर स्वस्थ बसल्या नव्हत्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हॅमरस्मिथमध्ये प्रतिजैविकांच्या वापरावर कडक शिस्त आणली. पेनिसिलिन मोजक्याच रुग्णांना, इतर औषधे जोडीने, आणि सोबत वॉर्डात संसर्ग पसरू न देण्याची दक्षता. रोधक वाणांचे प्रमाण खाली आले आणि १९६० मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. रोधकता एकदा आली की परतत नाही, ही हताश समजूत त्यांनी प्रत्यक्ष पुराव्याने खोडली. १९६५ मध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव आज फ्लेमिंगच्या तुलनेत जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

त्यांचा धडा सार्वत्रिक होण्याआधीच नवे औषध आले. ब्रिटनच्या बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पेनिसिलिनचा गाभा वेगळा काढून त्याला नव्या शाखा जोडल्या आणि जीवाणूच्या पेनिसिलिनमोड्या एंझाइमला न जुमानणारे मेथिसिलिन तयार केले. १९६० मध्ये ते वापरात आले. जानेवारी १९६१ मध्ये लंडनमधल्या कॉलिंडेलच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटे पत्र लिहिले. पाच हजारांहून अधिक वाण तपासताना मेथिसिलिनला दाद न देणारे तीन त्यांना सापडले होते, आणि ते तिन्ही एकाच रुग्णालयातले होते. एमआरएसए या नावाने पुढे जगभर गाजलेल्या जंतूची ही पहिली नोंद.

ही रोधकता मेथिसिलिनने निर्माण केली, असे दीर्घकाळ मानले गेले. तसे नव्हते. कॉलिंडेलला गोठवून वाळवून ठेवलेल्या जुन्या वाणांचे जनुकीय वाचन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यावरून असे दिसले की हा वाण १९४० च्या दशकाच्या मध्यालाच, म्हणजे मेथिसिलिनच्या दीड दशक आधी, उद्भवला होता. पेनिसिलिनच्या भडिमारातच त्याची निवड होऊन गेली होती. २०२२ मध्ये तर याहून जुना धागा मिळाला. युरोपातल्या साळ्यांसारख्या काटेरी हेजहॉग प्राण्यांच्या कातडीवरची एक बुरशी पेनिसिलिनसारखे द्रव्य सोडते, आणि तिच्या सहवासात राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमध्ये मेथिसिलिनरोधकतेचा एक प्रकार एकोणिसाव्या शतकापासूनच नांदत होता.

या रोधकतेची युक्ती एंझाइमपेक्षा वेगळी आहे. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे जीवाणूची पेशीभित्ती विणणाऱ्या प्रथिनांना जखडतात. एमआरएसएपाशी ‘मेक-ए’ नावाचे एक परके जनुक असते आणि त्यातून घडणाऱ्या पर्यायी प्रथिनाला ही औषधे चिकटतच नाहीत, त्यामुळे विणकाम चालू राहते. मेथिसिलिनच नव्हे, त्या कुळातली जवळपास सगळीच औषधे एका फटक्यात वाया जातात. हे जनुक एका हलत्या तुकड्यात बसलेले असते, हे जपानच्या केइची हिरामात्सू यांच्या गटाने विसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडले. रुग्णालयांतल्या जुन्या वाणांत हा तुकडा लांबलचक असतो आणि त्यात इतर औषधांविरुद्धची जनुकेही असू शकतात.

इथेच मारकता आणि रोधकता यांचा संबंध सर्वांत रंजक होतो. दोन्ही हातात हात घालून वाढतात असे सहज वाटते, पण रुग्णालयातल्या वाणांची गोष्ट बरोबर उलटी निघाली. २०१२ मध्ये बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की लांब तुकडा बाळगणाऱ्या वाणांत मेक-ए जोरात काम करते, पेशीभित्ती बदलते आणि वर सांगितलेला रासायनिक संदेश पेशीला नीट ऐकू येईनासा होतो. विषे कमी बनतात. रोधकतेची किंमत हा जंतू मारकतेत चुकवतो. वॉर्डात ही किंमत त्याला परवडते, कारण तिथला माणूस आधीच शस्त्रक्रियेने, वार्धक्याने किंवा मधुमेहाने खचलेला असतो, त्याच्या शिरेत नळी असते आणि औषधांनी इतर जंतूंची स्पर्धा हटवलेली असते. अशा ठिकाणी जोरदार विषापेक्षा औषधातून तगून राहणे अधिक उपयोगाचे.

रुग्णालयाबाहेर धडधाकट माणसांत टिकायचे तर मात्र विष लागते. १९९० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम वस्त्यांत, आणि मग अमेरिकेत, कधी दवाखान्यात न गेलेल्या लोकांत एमआरएसए दिसू लागला. १९९९ मध्ये मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांतल्या चार निरोगी मुलांचे मृत्यू जाहीर झाले, तेव्हा वैद्यकविश्व हादरले. या नव्या वाणांतला रोधक तुकडा आखूड होता, मेक-ए मंद चाले आणि विषांचा कारखाना शाबूत होता.

जुन्या रुग्णालयी वाणांशी वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या निष्ठेने झुंज दिली. डेन्मार्कमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस रक्तातल्या स्टॅफिलोकॉकसपैकी १० टक्क्यांहून अधिक मेथिसिलिनरोधक होते. पुढच्या दशकात हे प्रमाण झपाट्याने खाली आले आणि अनेक वर्षे अत्यल्प राहिले. नेदरलँड्समध्ये परदेशी रुग्णालयातून आलेला रुग्ण तपासणीचा निकाल येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवतात. इंग्लंडने उशिरा सुरुवात केली. २००३-०४ मध्ये तिथे रक्तातल्या एमआरएसएचे साडेसात हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यानंतर निम्मी घट करण्याचे लक्ष्य बांधून दिले गेले, खाटेशेजारी हात चोळण्याचे द्रव आले, डॉक्टरांच्या लांब बाह्या गेल्या. काही वाण आपोआपही ओसरत होते, तरी २०१२-१३ मध्ये आकडा हजाराखाली येण्यात या शिस्तीचा वाटा मोठा मानला जातो.

एमआरएसएविरुद्ध हुकमी ठरलेले व्हँकोमायसिन मूळ बोर्निओच्या जंगलातल्या मातीतले. तिथल्या एका मिशनऱ्याने ती माती अमेरिकेतल्या एलाय लिली कंपनीला धाडली होती. १९५८ मध्ये परवानगी मिळालेले हे औषध मेथिसिलिन आल्यावर अडगळीत पडले आणि १९८० च्या दशकात एमआरएसएमुळेच पुन्हा बाहेर निघाले. १९९६ मध्ये जपानमध्ये एका तान्ह्या बाळाच्या शस्त्रक्रियेच्या जखमेत त्याला अर्धवट दाद देणारा वाण सापडला. जाड झालेली पेशीभित्ती औषधाला वाटेतच अडकवत होती. २००२ मध्ये मिशिगनमध्ये पूर्ण रोधक वाण मिळाला. त्याने रोधकतेचे जनुक एंटेरोकॉकस या दुसऱ्याच जीवाणूकडून घेतले होते. असे वाण आजवर मोजकेच सापडले आहेत.

भारतात पेनिसिलिनचे सरकारी उत्पादन १९५५ मध्ये पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये सुरू झाले. रोधकतेची देशव्यापी पाहणी त्या मानाने फार उशिरा झाली. २००८ आणि २००९ मध्ये १५ केंद्रांतून गोळा केलेल्या २६ हजारांहून अधिक वाणांपैकी ४१ टक्के मेथिसिलिनरोधक निघाले. मुंबईतल्या वाणांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी एक बदल टिपतो. रुग्णालयांतल्या जुन्या, लांब तुकड्याच्या वाणांची जागा एसटी२२ आणि एसटी७७२ हे आखूड तुकड्याचे वाण घेत होते. यांतला एसटी७७२ भारतीय उपखंडातच उद्भवला. त्याला ‘बंगालचा उपसागर’ वाण म्हणतात, आणि पांढऱ्या पेशी फोडणारे विष बहुधा त्याच्यापाशी असते. समाजात घडलेला मारक वाण रुग्णालयात शिरून तिथल्या औषधांविरुद्धची रोधकताही गोळा करू लागला, तर जुना समतोल मोडतो. मुंबईतल्या आणि देशातल्या प्रयोगशाळांची खरी काळजी ही आहे.

२०१९ या एका वर्षात मेथिसिलिनरोधकतेपायी जगात एक लाखाहून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. स्टॅफिलोकॉकसवरची लस अजून नाही. मोठ्या कंपन्यांच्या लसी चाचण्यांत अपयशी ठरल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये रुग्णालयांतल्या संसर्ग-नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. हातांची स्वच्छता, प्रशिक्षित संसर्ग-नियंत्रण परिचारिका आणि रुग्णालयागणिक संसर्ग समिती या गोष्टी त्यांत आहेत.